पाठीवरचे डाग

त्या प्रकरणाचा विषय निघाला की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही मला धक्का बसतो, आणि स्वतःची लाजही वाटते.

बुलढाणा जिल्ह्यात, कपाशीच्या पट्ट्यात मी ठाणेदार होतो. बीटी बियाणं घरोघरी पोचलं होतं आणि फवारणीचं औषध पिऊन कुणी गेल्याची खबर सारखी येई. आमचा हात असा बसला होता की मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, कागदावर ‘नापिकी’ हे कारण आपोआप उतरे. सव्वीस वर्षांचा एक शेतकरी गेला, तेव्हाही मी तेच केलं. ‘अंगावर मारहाणीच्या खुणा नाहीत’ असं लिहून पंचनाम्यावर सही ठोकली. प्रेत पालथं करून पाहिलंच नव्हतं!

तिसऱ्या दिवशी एका बियाणं दुकानदारानं, माझ्या जुन्या खबऱ्यानं, मला गाठलं. "साहेब, नापिकी म्हणून राह्यले तुम्ही. त्याची कपाशी तरी पाह्यली का?"

गेलो. शेत पांढरंशुभ्र फुटलं होतं. संध्याकाळी शवविच्छेदनाचा अहवाल हाती आला. पाठीवर तापल्या लोखंडाचे सात डाग, ताजे. मी हबकलोच.

मयताचा भाऊ म्हणाला, "हे त्याच्या दोस्ताचं काम हाय. त्यानंच औषध पाजलं." हा दोस्त मलकापूरला जिनिंगमध्ये कामाला होता. खुनाच्या संशयावरून उचलून आणला. बोलेना, तेव्हा मी थोबाडीत दिली.

"मारा साहेब," तो म्हणाला. "पण म्या त्याले कायले मारू? नवरा-बायको असतात ना, तसे होतो आम्ही."

माझा कानांवर विश्वास बसेना. असलं काही फार तर मुंबईकडं असेल, अशी माझी समजूत. आणि हे तर माझ्याच हद्दीतलं!

"घरच्यायनं लग्न जमवलं," तो सांगत होता. "त्यानं बापाले खरं सांगून टाकलं. मंग त्याले भगताकडं नेलं."

बापाला बोलावलं. म्हातारा लगेच बोलला. "हाव साहेब, हात म्याच धरले, पाय त्याच्या भावानं. भगत म्हणे, पोराच्या अंगात बाईचं वारं हाय, डाग देल्याशिवाय जात नाही. बरं करायले नेलं होतं जी. त्याच राती त्यानं औषध घेतलं." आणि तो माझ्या टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला.

भगत, बाप आणि भावावर गुन्हा दाखल केला. रायटरनं हळूच विचारलं, "साहेब, दोस्ताले तीनशे सत्त्याहत्तर कलम लावायचं ना?"

दाराशी उभा असलेला माझा मुसलमान हवालदार भडकला. "आमच्यातही याले गुनाह म्हणतात. पण त्याचा निवाडा वरचा करीन. लोखंड तापवा, असं कोन्या किताबात लिहेल हाय?"

दोस्ताच्या जबाबात मी नुसतं ‘मित्र’ लिहिलं. वाचून त्यानं पेन खाली ठेवला. "जे होतो ते लिहा."

"अरे, तुझ्यावरच केस होईल! लोक जगू देतील का तुला?"

"तो बापापुढं खोटं बोलला नाही. म्या काऊन बोलू?"

मी कलमाचं पुस्तक काढलं. त्या कलमाची धमकी मी कितीजणांना दिली असेल, पण ते नीट वाचलं त्या दिवशी. शिक्षा ‘अनैसर्गिक’ शरीरसंबंधाला होती. एकाचा दुसऱ्यावर जीव असणं हा गुन्हा आहे, असं त्यात कुठंच नव्हतं. मग जबाब पुन्हा लिहायला घेतला.

"मयताशी नातं काय लिहू?"

"त्याचा मानूस."

तसंच लिहिलं. त्यानं सही केली आणि निघून गेला.

ते कलम पुढं कोर्टानं राजीखुशीच्या संबंधापुरतं बाजूला सारलं. मी शिकलो ते इतकंच, की कारण आधी ठरवून माणसाकडं पाहू नये. त्यासाठी एका तरण्याताठ्या पोराचा जीव जावा लागला. आणि त्याच्या माणसाच्या मी थोबाडीत दिली होती, त्याची माफी मागायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.