कवळीबाईंचा ड्रॅगन

कवळीबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं सगळे त्यांच्या माघारी म्हणत. ते खोटं होतं. कारण प्रत्येक वेळी असायचं, फक्त ते इतरांना दिसायचं नाही. भिंतीवर तिरकं लागलेलं कॅलेंडर, अर्धवट पुसलेलं टेबल, "चालतंय की" म्हणणारा माणूस, यातलं एक जरी समोर आलं तरी त्यांचं डोकं सणकायचं.

सव्वीस वर्षं त्या दातांच्या एका दवाखान्यात काम करत होत्या. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढत आणि मागच्या खोलीत कवळीबाई दात घडवत. त्यावरूनच त्यांचं नाव पडलेलं. मागची खोली म्हणजे एक लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या वड्या, छोटी भट्टी आणि डोक्यावर वाकणारा एक झकास दिवा. दात पांढरा नसतो, हे त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनावत. मुळाशी तो पिवळसर, मधे दुधी, आणि चावायच्या कडेला काचेसारखा किंचित निळा. तो निळा साधला नाही तर दात मेलेला दिसतो.

कॅप बसली की पेशंट आरशात बघायचा आणि डॉक्टरांचे आभार मानून मानून दमायचा. "तुमच्या हाताला काय गुण आहे हो डॉक्टर!" हे भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. गंमत म्हणजे याचा कवळीबाईंना कधी राग आला नाही. आपण केलेला दात कुणाला ओळखू येऊ नये, हेच तर त्या कामाचं यश.

पुतळे रंगवायचा नाद मात्र रागातूनच लागला. धाकट्या भावाने हौसेहौसेने एक खोका आणला होता. त्यात अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक, परग्रहावरचे, चिलखत घातलेले, हातात भल्यामोठ्या बंदुका. ते आपण रंगवायचे आणि मग टेबलावर त्यांची लढाई लावायची, असा तो खेळ. भावाने चार सैनिक रंगवले आणि कौतुकाने बहिणीपुढे मांडले.

"हे काय केलंस? पिठल्यात बुडवून काढलेत का?"

"अगं ताई, एवढुसा तर चेहरा. त्यात काय दिसणार?"

"दिसणार नाही म्हणून रंगवायचंच नाही? आण इकडे."

तो खोका भावाच्या घरी परत गेला नाही. कवळीबाईंनी आधीचा रंग खरवडून काढला, रंग पाण्यासारखा पातळ करून थरावर थर दिले, खाचांमध्ये काळपट रंग सोडला, कोरडा ब्रश कडांवरून फिरवून पोलादाला चकाकी आणली. तीन केसांच्या ब्रशाने बुबुळं काढली तेव्हा त्यातला एक सैनिक त्यांच्याकडे असा रोखून बघायला लागला की त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यानंतर चेटकिणी झाल्या, यंत्रमानव झाले, आठ पायांचा एक राक्षस झाला. घरात नवऱ्याला दमा, रंगाचा वास सोसेना, म्हणून सगळा संसार लॅबच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मांडलेला. दुपारच्या सुट्टीत डबा चार घासांत संपवायचा आणि ब्रश हातात घ्यायचा. डॉक्टर यायचे, बघायचे, "वा" म्हणायचे. त्यांनाही हाच नाद होता. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अशा हौशी लोकांचं मंडळ दर रविवारी जमायचं, त्याचे ते आठ वर्षं सभासद. त्यांचे स्वतःचे सैनिक कवळीबाईंनी एकदाच पाहिले होते आणि नोकरी टिकवायची म्हणून गप्प बसल्या होत्या.

मग आला ड्रॅगन. तळहातापेक्षा मोठा, पंख उगारलेला, जबडा वासलेला. त्याच्यावर त्यांनी नऊ महिने घालवले. पंखाच्या पडद्यात शिरा काढल्या. पोटाखालच्या खवल्यांना जुन्या हस्तिदंताचा रंग आणला. एकेक खवला वेगळा. पूर्ण झाला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन दिवस बाहेर ठेवू का? वाट बघणाऱ्या पेशंटना बरं वाटेल."

"ठेवा. पण हात लावू देऊ नका कुणाला."

सोमवारी सकाळी कवळीबाई मेणाचा साचा घेऊन पुढच्या खोलीत आल्या. ड्रॅगन काचेच्या पेटीत होता. पेटीच्या वर भिंतीला एक चौकट, चौकटीत मंडळाचं प्रशस्तिपत्र, 'वार्षिक स्पर्धा, प्रथम क्रमांक', आणि खाली डॉक्टरांचं नाव. शेजारी फोटो, त्यात डॉक्टर दोन्ही हातांत ड्रॅगन धरून हसताहेत. गाल सुजलेला एक पेशंट विचारत होता, "डॉक्टर, हे तुम्ही रंगवलंत?"

"हो, जरा हौस आहे," डॉक्टर म्हणाले. "सवड काढावी लागते, दुसरं काय."

कवळीबाईंच्या हातात साचा होता म्हणून बरं, नाहीतर त्या हातांनी काय केलं असतं कोण जाणे. पेशंटचं तोंड दुखतंय, त्याच्यादेखत तमाशा नको, एवढं भान त्यांनी कसंबसं राखलं. तो गेल्याबरोबर त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"या बाई, दार लावा ना आधी. मी सांगणारच होतो तुम्हाला. अहो, फॉर्मवर सभासदाचंच नाव लागतं. तुम्ही कुठे सभासद आहात?"

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दवाखान्याचंच नाव झालं. दिवा इथला, टेबल इथलं..."

"आणि हात?"

डॉक्टर म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. इतकी वर्षं तुमचे दात माझ्या नावाने बसतातच की."

ते वाक्य त्यांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, आणि तेच जास्त लागलं. दात पेशंटसाठी केलेले होते. ड्रॅगन कुणासाठीच केलेला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या तोंडात न बसवता केलेली ती एक गोष्ट होती.

घरी नवरा चहा घेऊन बसला होता. तो बस आगारात वेळापत्रकं लावायचा आणि बोलायचाही तसाच, दोन वाक्यांत ठरावीक अंतर ठेवून. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे ना. शेवटी कागदच तो."

"कागद होता तर त्यांनी भिंतीवर कशाला ठोकला?"

"तसं नव्हे गं. तुलाच त्रास होतो."

"होऊ दे! त्रास मला होतो, तर जाऊ द्यायचं की नाही ते मीच ठरवीन ना? आयुष्यभर जाऊ देऊन तुम्ही कुठे पोचलात ते सांगा मला."

नवऱ्याने कप खाली ठेवला. हे लागण्यासारखं बोलणं होतं हे कवळीबाईंना तोंडातून निघताक्षणी कळलं, पण परत घेण्याइतका राग उतरला नव्हता. आठवडाभर घरात भांड्यांचाच आवाज. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांशी कामापुरतं बोलणंसुद्धा चिठ्ठ्या लिहून केलं. ड्रॅगनच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात.

रविवारी मंडळाची सभा होती. विजेत्याने आपलं काम सर्वांना समजावून सांगायचं, अशी तिथली रीत. कवळीबाई साडी बदलून निघाल्या तेव्हा नवरा चपला घालून दारात उभा.

"तुम्ही कशाला?"

"पिशवी धरायला," तो म्हणाला.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. टेबलावर ड्रॅगन, मागे डॉक्टर. अध्यक्ष म्हणून एक म्हातारे घड्याळजी बसलेले, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. डॉक्टर रंगात आले होते. "रंग म्हणजे शेवटी प्रेरणा," ते सांगत होते. "पंखाच्या बाबतीत मी असा विचार केला की..."

"कसा विचार केलात?" कवळीबाई उभ्या राहिल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सांगा ना. पंखाला खालचा पहिला थर कुठला दिलात?"

सगळे वळून बघायला लागले. डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला, तरी ते हसले. "या आमच्या लॅबमधल्या बाई. यांनी थोडीफार मदत केली होती, मी सांगणारच होतो."

थोडीफार! नऊ महिने आणि थोडीफार! कवळीबाई खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेल्या.

"ड्रॅगन माझा आहे. पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत."

"पुरावा काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "याच्या खालच्या जबड्यात, डावीकडे, शेवटच्या दाढेत काय आहे?"

"काय असणार? दाढ आहे."

"अध्यक्षसाहेब, तुम्ही बघा."

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, ड्रॅगन दिव्याखाली धरला आणि ते त्याच्या घशात डोकावले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "अहो, दाढ किडलीये की याची! आणि चांदी भरलीये!"

एका कंटाळवाण्या दुपारी कवळीबाईंनीच ती भरली होती. इतकं वय झालेलं, इतकं मांस खाल्लेलं जनावर, त्याची एखादी दाढ तरी किडणारच, असं मनात आलं म्हणून. सुईच्या टोकाएवढा चंदेरी ठिपका. कुणाला सांगितलंही नव्हतं. हॉल हसून हसून लोटपोट झाला. भिंग हातोहात फिरायला लागलं. कवळीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"दातांचे डॉक्टर आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझा ड्रॅगन उचलून आणलात, त्याच्यावर भाषण ठोकलंत, आणि एकदा त्याच्या तोंडात बघावंसंसुद्धा वाटलं नाही तुम्हाला."

डॉक्टर खाली बसले. सगळे भिंगापाशी असताना ते हळूच म्हणाले, "आठ वर्षं इथे येतोय, बाई. माझ्या टेबलाशी कुणी थांबत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे थांबले."

ते खरं होतं, आणि कवळीबाईंना ते कळलंही. कळलं म्हणून राग आणखीच भडकला. स्वतःचं दुःख होतं तर दुसऱ्याच्या कामावर कशाला पांघरायचं? त्यांनी ड्रॅगन उचलला आणि नवऱ्यापुढे धरला. नवऱ्याने पिशवीत आधी स्वतःचा मफलर अंथरला.

डॉक्टरांचं बक्षीस रद्द झालं. पण ते कवळीबाईंना मिळालं नाही, दुसऱ्या क्रमांकावाल्याला गेलं. फॉर्मवर त्यांची सही नव्हती ना! "नियम आहे हो," घड्याळजी ओशाळून म्हणाले. कवळीबाईंनी तिथल्या तिथे त्या नियमाची साल काढली आणि मग त्याच टेबलावर बसून सभासदत्वाचा अर्ज भरला. दवाखाना त्यांनी महिनाअखेरीस सोडला. डॉक्टरांनी थांबा म्हणून दोनदा घरी निरोप पाठवला. दोन्ही वेळा नवऱ्याने दारातूनच सांगितलं, "त्या येणार नाहीत." तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

आता त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लॅबमध्ये आहेत. तिथल्या पोरींना निळ्या कडेवरून रोज बोलणी बसतात. पुढच्या वर्षी त्यांनी स्पर्धेला यंत्रमानवांचं पथक दिलं, गंजलेलं, युद्धावरून परतलेलं. दुसरा क्रमांक आला. पहिला आला तो एका ट्रकचालकाच्या चेटकिणीला. कवळीबाई तणतणत त्या टेबलाशी गेल्या, खोट काढायचीच म्हणून. घड्याळजींचं भिंग मागून घेतलं. डोळे पाहिले, बोटं पाहिली, झग्याच्या चुण्या पाहिल्या. खोट सापडेना. पाचेक मिनिटं तशीच गेली.

"हा लाल कसा आणलात?" त्यांनी शेवटी विचारलं, भांडायच्याच आवाजात.

"खाली गुलाबी दिलाय, ताई," ट्रकचालक भीतभीत म्हणाला.

"गुलाबी? लालाखाली?" कवळीबाईंनी खुर्ची ओढली. "काढा तो ब्रश. दाखवा मला."