टेलर म्हणजे कापणारी

सुमन गेल्याचा फोन तिच्या मुलीने, पल्लवीने केला, तेव्हा मी परभणीच्या बसस्टँडवर गंगाखेडच्या एसटीची वाट बघत उभी होते. तिलाच भेटायला निघाले होते... आता त्याला दोन महिने होत आले.

आम्ही दोघी गंगाखेडच्या शाळेत एका बाकावरच्या. पुढे मी परभणीत इंग्रजी शिकवायला लागले आणि सुमन, नवरा अपघातात गेल्यावर, लहानग्या पल्लवीला घेऊन माहेरी आली. बाजारातल्या एका टेलरमास्तरांकडे ती शिवायला बसायची. कापड बेतायचे, कापायचे ते मास्तर. सुमन फक्त मशीन चालवायची. हात साफ होता, पण कात्रीला ती शिवायची नाही. शिवण उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही, ही तिची भीती. मास्तर थकले, दुकान बंद करतो म्हणाले, तेव्हा एखाद्या शाळेत काम मिळेल का हे विचारायला ती माझ्याकडे आली. चहा पिता पिता मी सहज सांगितलं, की टेलर हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'कापणे' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. टेलर म्हणजे कापणारा. शिवण्याचा त्यात पत्ताच नाही. ताग्यातून तुकडा कापून विकायचा, ते रिटेलही त्याच घरातलं. मला आपली शब्दाची गंमत. सुमनने मात्र हातातला कप खाली ठेवला.

"म्हंजे मी अजून टेलर झालेच न्हाई की," ती म्हणाली. नोकरीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

दुकान थोडे महिने चालू ठेवा, अशी गळ तिने मास्तरांना घातली. आधी रद्दी कापली, मग जुन्या साड्या. पहिलं खरं कापड आलं ते एका नवरीच्या शालूचं ब्लाउजपीस. बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं. त्या दिवशी मी तिथेच होते. सुमनने खडूने आखलं, पुसलं, पुन्हा आखलं. मास्तर, तुमी एकदा बघा, असं तिने दोनदा म्हटलं. मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

"मी कशाला बघू? टेलर तू हायस."

तिने कात्री चालवली. चार दिवसांनी नवरीने ब्लाउज घालून दोन्ही हात वर केले, मान वळवून पाठ बघितली आणि हसली. सुमन मात्र आत जाऊन रडली... पुढे दुकान तिचंच झालं. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना ती मशीनच्या आधी कात्री द्यायची.

गेल्या आठवड्यात गंगाखेडला गेले, तर दुकान उघडं होतं. कापायचं टेबल सुमनच्या उंचीचं, आणि पल्लवी तिच्याहून बरीच बुटकी. पाटावर उभी राहून ती कापड बेतत होती. सुताराकडून टेबलाचे पाय कमी करून घे, मी म्हटलं.

"राहू द्या मावशी. नव्या दोघी शिकायला येणार हायेत, त्या उंच हायेत."

एवढं बोलून तिने माझं माप घ्यायला टेप काढला.