जाऊबाईंचं आवाळू

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंची वेणी घालायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी फणी अडली. टाळूच्या जरा मागे, दाट केसांखाली, सुपारीएवढी गोल गाठ हाताला लागली. मी दचकले. त्या हसल्या.

"घाबरतेस काय गं? आवाळू आहे. माझ्या आईलाही होतं. अक्कल आत मावेना, म्हणून थोडी बाहेर आली."

जाऊबाई अशाच बोलायच्या, फाटकन. चाळीशीच्या आसपासच्या, मूलबाळ नाही, कामाला वाघीण. घरात आम्ही दोघी जावा, दोघींचे नवरे आणि सासूबाई. सासूबाई जुन्या वळणाच्या विधवा. लाल आलवण नेसायच्या आणि दर पंधरवड्याला परसात बसून न्हाव्याकडून डोकं करून घ्यायच्या. आजूबाजूला कुणी तसं राहत नव्हतं. त्या राहत होत्या.

वर्षभरात सुपारीचं लिंबू झालं. उशीवर ओलसर डाग पडायला लागले. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "साधं आवाळू आहे. काढून टाकू. मात्र मागचे केस तळहाताएवढ्या जागेत पार काढावे लागतील."

भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, घरी येऊन हे आईला सांगून मोकळे झाले. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"नवरा धडधाकट असताना बायकोच्या डोक्याला वस्तरा? माझ्या घरात हे व्हायचं नाही. तुझ्या जिवावर उठलायस का?"

दुसऱ्या दिवशी भावोजींनी डॉक्टरांना सांगितलं, "केस न काढता भांग पाडून जमेल तेवढं काढा."

"आवाळूच्या पिशवीचा तुकडा आत राहिला तर परत येईल," डॉक्टर म्हणाले.

"आलं तर तेव्हा बघू."

जाऊबाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ते परत आलं. पावसाळा संपायच्या आत त्याच जागी एक आणि शेजारी दुसरं. पुन्हा भांग पाडून कापलं. या वेळी डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. वाईट काही निघालं नाही, पण वाढ फार जोरात आहे, असं ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला गाठ पेरूएवढी झाली आणि वरची कातडी फुटली. डॉक्टरांनी हात जोडले. "आता मी हात लावणार नाही. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या."

नेलं नाही. आज-उद्या करत कित्येक महिने गेले. त्या महिन्यांत घर कसं होतं ते सांगायला हवं.

गाठीला वास यायला लागला. जाऊबाई कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायच्या, कापूर लावायच्या, दिवसातून चारदा फडकं बदलायच्या. तरी यायचा. सासूबाईंनी त्यांचं अंथरूण मागच्या गॅलरीत, कोळशाच्या पोत्याशेजारी टाकायला लावलं. स्वयंपाकघरात यायला बंदी झाली. भावोजी त्यांच्याकडे पाठ करून जेवायचे. एकदा घास तोंडात असताना उठले आणि मोरीत जाऊन ओकले, मुद्दाम मोठ्यानं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोरच्या घरातून बोलावणं आलं ते मला एकटीला. "थोरल्या वहिनींना बरं नाही ना, त्यांना कशाला त्रास," त्या बाई म्हणाल्या आणि नाकाला पदर लावला. जाऊबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"तू जा," त्या मला म्हणाल्या. "आणि माझ्या वाटणीची आंब्याची डाळ त्यांच्या तोंडावर फेकून ये."

मी गेले नाही.

शेवटी आमचे हेच भावाशी भांडले आणि आम्ही चौघं हॉस्पिटलात गेलो. तिथले सर्जन वयस्क होते, तिरसट होते. फडकं काढून त्यांनी एकदा पाहिलं.

"कुणी कापलं हे असं?"

मी सांगितलं, केस वाचवायला भांग पाडून कापलं.

"बाई, आवाळू बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. एखाद्याचंच असं पिसाळतं. मूळ आत राहिलं की परत येतं, आणि दर खेपेला जास्त माजून येतं. आता सगळं डोकं भादरायचं, हाडापर्यंत खरवडायचं आणि मांडीची कातडी काढून वर लावायची. पहिल्यांदाच मोकळेपणानं काढलं असतं तर तुम्ही इथे आलाच नसता."

"आईला विचारून सांगतो," भावोजी म्हणाले.

"कुणाला विचारायचं नाही," जाऊबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत आपल्या डोक्याचं काय करायचं याबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलत होत्या. "डोकं माझं आहे. कापा, डॉक्टर."

त्या घरी आल्या तेव्हा डोकं पदरानं घट्ट झाकलेलं होतं. मांडीची कातडी धरली, पण कडेकडेनं केसांचे खुंट उगवले आणि नव्या कातडीला टोचायला लागले. मान हलवली तरी त्या विव्हळायच्या.

अशाच एका सकाळी न्हावी परसात आला. सासूबाईंचं डोकं करून झालं. ओल्या पंच्यानं टक्कल पुसत त्यांनी जाऊबाईंना हाक मारली.

"न्हावी आलाच आहे. बस माझ्यामागं. तुझ्यात नि माझ्यात आता फरक तो काय राहिला?"

न्हाव्यानं वस्तरा मिटला. "आईसाहेब, सवाष्णीच्या डोक्याला मी हात लावायचा नाही."

जाऊबाई गॅलरीतून आल्या आणि पाटावर बसल्या. पदर खाली सोडला.

"लाव. मला टोचतात ते."

न्हाव्यानं नव्या कातडीच्या भोवतीनं जपून वस्तरा फिरवला. सासूबाई बघत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा वेडावाकडा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"मला बाविसाव्या वर्षी बसवलं," त्या म्हणाल्या. "दोघींनी हात धरले होते, एकीनं मान. तू आपल्या पायांनी येऊन बसलीस. लाज नाही वाटत?"

जाऊबाईंनी मान वर केली नाही. "तुमचे हात धरले, त्याचा सूड माझ्या डोक्यावर का घेतलात?"

सासूबाई मोरीत गेल्या. बराच वेळ आतून तांब्या आपटल्याचे आवाज येत राहिले.

संध्याकाळी भावोजींनी बायकोकडे एकदाच पाहिलं. "हे काय ध्यान!" म्हणाले. त्यानंतर ते त्यांच्याशी थेट बोललेच नाहीत, मला सांगायचे. "तिला सांग, डबा भर." "तिला सांग, पदर घे." त्या समोर बसलेल्या असायच्या.

पुढे कानामागे गाठ आली, मग मानेला. सर्जननी बोटांनी दाबून पाहिलं, या वेळी ते तिरसटपणे बोलले नाहीत. "आता हे आवाळू राहिलं नाही," एवढंच म्हणाले. विजेचे शेक दिले. मान काळी पडली, गाठी तशाच राहिल्या. शेवटी शेवटी जाऊबाईंना गिळता येईना. मी चमच्यानं पेज भरवायची. एकदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी मरायला घाबरत नाही गं. पण या लोकांच्या आधी मरायला लागतंय, याचा राग येतो."

थंडीच्या दिवसांत, दुपारी, त्या गेल्या.

तासाभरात घर बायकांनी भरलं. ज्यांनी नाकाला पदर लावला होता त्या पुढे होत्या. अहेवपणी मरण आलं, भाग्याची बाई, असं जी ती म्हणत होती. जाऊबाईंना हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला. आणि मग समोरच्या बाईंनी त्या कपाळावरचं चिमूटभर कुंकू उचलून स्वतःला लावलं. त्यांच्यामागे दुसरी, मग तिसरी. अहेव बाईच्या कपाळचं कुंकू लावलं की आपलंही सौभाग्य टिकतं, म्हणून रांगच लागली.

मी आडवी उभी राहिले. "जिवंतपणी त्यांना कुंकू लावायला तुम्हांला वास येत होता. आता हात लावू नका."

"वेडी का काय ही!" समोरची बाई म्हणाली. भावोजींनी मला दंडाला धरून बाजूला केलं. लहान भावाच्या बायकोच्या अंगाला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता.

रांग पुन्हा चालू झाली. सासूबाई विधवा, म्हणून त्या प्रेताजवळ आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्या प्रत्येक बाईचं कपाळ निरखून बघत होत्या. बायका गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "सगळ्यांना पुरलं ना?"