कागदावरची चौथी ओळ

पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याला सगळे डबलदादा म्हणत. खिशात दोन पेनं, डब्यात दोन चमचे. कॉम्प्युटर सांभाळणं हे त्याचं काम. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो काउंटरवरच्या मुलीला बाहेर पाठवायचा, रिपोर्ट साठवणारं, लिनक्सवर चालणारं मशीन मुद्दाम बंद पाडायचा आणि तिला आत बोलवायचा.

“हं, कर चालू.”

“चालत्या गाडीला खीळ घालायची भारी हौस तुम्हाला, दादा.”

“आणि तुम्ही तहान लागली की विहीर खणणार. कागद बघ.”

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. त्यावर चार ओळी.

एका मंगळवारी तो चहा पिऊन उठला आणि जिन्यात कोसळला. संपलाच. मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर आली. रडू आलं नाही. लोक “बरी आहेस ना?” विचारत, ती “हो” म्हणे.

नवव्या दिवशी मशीन सुरू झालं नाही. काळा पडदा, वर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. काउंटरपलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अकरा वाजता त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. गाठीचा रिपोर्ट मिळाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. रिपोर्ट या मशीनमध्ये होता. दहा वाजून गेले होते.

तिनं कपाट उघडलं.

पहिली ओळ: सुरू होताना मेनू आण, जुनं कर्नेल, म्हणजे सिस्टिमची आधीची आवृत्ती, निवड. मेनूच आला नाही.

दुसरी: खिळ्यावरचा पेनड्राइव्ह लाव. खिळा रिकामा होता. पेनड्राइव्ह तिथं टांगलेल्या त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला असे आणि ते जुडगं त्याच्या घरी, वहिनींना, तिनंच नेऊन दिलं होतं. त्याच्या चष्म्यासोबत, पिशवीत घालून.

तिसरी: प्रथमोपचाराच्या पेटीत, कापसाखाली, दुसरा.

होता. तिनं लावला. हात सवयीनं चालले. पेनड्राइव्हवर सुटी सिस्टिम होती, तिच्यावर मशीन उठलं. तिनं आतली डिस्क उघडली, रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेतला आणि शेजारच्या खोलीत जाऊन छापला.

“झालं का, बाळा?” गृहस्थांनी विचारलं.

“हो.”

ते कागद छातीशी धरून भराभर गेले. घड्याळात दहा चाळीस.

ती कपाट लावायला परतली. चौथी ओळ राहिली होती: काहीच जमलं नाही तर मला फोन कर. खाली त्याचा नंबर.

 मग तिनं पेन काढलं. त्याचा नंबर खोडला नाही. त्याखाली आपला लिहिला.