बोर्डावर न आढळलेली यादी

नवरा निघून गेला त्याला पाच महिने झाले होते आणि जयपुरात ही गोष्ट फक्त मला माहीत होती. बाकीच्यांसाठी तो कंपनीच्या कामाने बंगळूरला होता. माझ्याजवळ राहायला नागपूरहून आलेल्या आईलाही मी हेच सांगितलं होतं. ती रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी उभी राहून विचारायची, “जावईबापू कधी येऊन राहिले?” वरच्या मजल्यावरच्या मकानमालकिणीला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज. मी पोळ्यांचा डबा भरता भरता म्हणायचे, येतील. वाईट वाटायचं का? नाही. त्या महिन्यांत मला काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात तसं झालं होतं, फक्त दात कधी काढणार ते कुणी सांगत नव्हतं.

गॅसपासून सगळे कागद त्याच्या नावावर होते, म्हणून मी वेगळ्या रेशनकार्डासाठी आमच्या भागातल्या वॉर्ड ऑफिसात अर्ज केला. फॉर्मवर एक रकाना होता, वेगळं कार्ड कशासाठी हवं. खिडकीतले बाबूजी म्हणाले, “मैडम, सच लिखिए, वरना जाँच में अटक जाएगा.” मी लिहिलं, पति छोड़कर चले गए. हिंदीत लिहिल्यामुळे ते दुसऱ्याच कुणा बाईबद्दल असल्यासारखं वाटलं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, कारखान्यात जाण्यासाठी सीतापुऱ्याची बस पकडायला निघाले तर वॉर्ड ऑफिसबाहेरच्या बोर्डावर भलामोठा कागद चिकटवलेला. माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता आणि ऑफिसला पारदर्शकपणाचा झटका आला होता. पूर्वी दहादा विचारूनही न मिळणारं सगळं आता न विचारता भिंतीवर लागायचं. वेगळं कार्ड मागणाऱ्यांची ती यादी होती. नाव, नवऱ्याचं नाव, घर नंबर, फोन नंबर आणि शेवटी कारण, आम्ही लिहून दिलेलं, शब्दन् शब्द. खाली सूचना, कुणाला हरकत असेल तर सात दिवसांत कळवावं. अकरावी मी होते.

बस आली, मी चढले. त्या दिवशी एक्सपोर्टच्या शर्टांची बटणं तपासली. एकही चूक माझ्या नजरेतून सुटली नाही.

भीती होती ती आईची. ती रोज दहाच्या सुमारास दूध आणायला त्याच रस्त्याने जायची. हिंदी बोलायची बोंब, पण पाटी दिसली की थांबून मोठ्याने वाचायची. अक्षरं आपलीच आहेत ना, मग न वाचून कसं चालेल? मकान किराये पर, कोचिंगच्या जाहिराती, यहाँ पेशाब करना मना है, सगळं एकाच सुरात, पोथी वाचावी तसं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ती नुसतीच वाचते, तिला कळत काही नाही.

संध्याकाळी घरी आले तर ती तिळाचे लाडू वळत होती. “हळदीकुंकवाला कोणती साडी नेसून राहिली?” तिने विचारलं. म्हणजे तिने काही पाहिलं नव्हतं. इथल्या दहा-बारा मराठी घरांतल्या बायका, बहुतेक रेल्वेतल्या, संक्रांतीला एकमेकींकडे जमतात. बाबा वारल्यापासून आई अशा वेळी आतल्या खोलीत जाऊन बसते. मला मात्र ती ढकलून पाठवायची. यादी त्या बायकांनी वाचली तर त्या मला बोलावतील, पण करंड्यात बोट बुडवून क्षणभर थांबतील. त्या क्षणाची कल्पना मला सोसत नव्हती. आणि आईला कळलं तर ती घरी बसून मला तसं उभं राहिलेलं डोळ्यांसमोर आणेल, हे तर मुळीच नको होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. बोर्डाकडे बघवेना, म्हणून मागच्या फाटकाने आत शिरले. तक्रारीच्या रजिस्टरात प्रकार छापलेले होते, नाली, बत्ती, कचरा, आवारा पशु, अन्य. मी ‘अन्य’मध्ये गेले. माझी घरची गोष्ट माझ्या परवानगीशिवाय भिंतीवर लावली आहे, ती काढा, असं लिहिलं. बाबूजींनी दोनदा वाचलं.

“इसमें छुपाने वाली क्या बात है, मैडम? आपने खुद ही तो लिखा है.”

“आपके लिए लिखा था,” मी म्हटलं. “मोहल्ले के लिए नहीं.”

त्यांनी शिक्का मारला. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांनी मला पाणीसुद्धा दिलं. त्यानंतर मी लांबच्या स्टॉपवरून बस धरू लागले. तो रस्ताच सोडला.

संक्रांतीला हळदीकुंकू झालं. कुणाचंही बोट थांबलं नाही. मी वाण घेऊन घरी आले. आईने आधी माझं कपाळ पाहिलं, मग वाण.

महिन्याभराने ऑफिसचं उत्तर आलं. मौके पर निरीक्षण किया गया. उक्त सूची बोर्ड पर नहीं पाई गई. शिकायत निराधार. मी ते बसमध्ये वाचलं आणि कित्येक महिन्यांनी मला राग आला, खरा, कानशिलं तापवणारा. खोटारडे मेले. गुपचूप कागद काढून टाकला आणि वर मलाच खोटं पाडलं. पण सीतापुरा येईपर्यंत तो रागही विरला. पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं.

दिवाळीच्या साफसफाईत मी स्वयंपाकघराच्या फळ्या रिकाम्या केल्या. सगळीकडे नेहमीसारखी जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती. डाळींच्या डब्यांखालचा कागद मात्र जाड होता, पालथा घातलेला. चारही कोपऱ्यांना वाळलेली खळ आणि खळीला चिकटलेला बोर्डाचा हिरवा रंग. उलटून पाहिला. अकराव्या ओळीत मी होते.

आई दारात उभी होती.

“कधी काढलास?”

“लावला त्याच दिवशी. दूध आणाले गेली तेव्हा.”

म्हणजे मी ‘अन्य’मध्ये तक्रार लिहीत होते तेव्हा यादी आमच्याच घरात होती. ऑफिसने खरं तेच लिहिलं होतं. आणि आईने दहा महिने मला ताकास तूर लागू दिली नव्हती.

“मग जावईबापू कधी येऊन राहिले म्हणून रोज कायले विचारत होती?” माझ्याही तोंडी नागपूर आलं.

“खिडकी उघडी राहते ना,” ती म्हणाली. “लोकायले ऐकू गेलं पाहिजे.” मग माझ्या हातातला कागद घेऊन तिने तो झटकला. “मी बारा वर्षं झाली आतल्या खोलीत बसून राहिली. तुले नाही बसू देणार.”

मला रडू फुटलं. पाच अधिक दहा महिन्यांचं सगळं एकदम आलं, नाक गळेपर्यंत. आईने जवळबिवळ घेतलं नाही, तशी तिची पद्धत नाही. तिने कागद पुन्हा पालथा अंथरला, कडा हाताने सारख्या केल्या आणि तुरीचा डबा माझ्याकडे मागितला.