लाली दोन, सूज एक

त्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्याचा संबंध आठवीतच सुटला, पण हा माणूस दिवसभर मार्क देतो, म्हणून मास्तर. मार्क कुणाला, तर प्रयोगशाळेतल्या सशांना! शाम्पू, साबण, फरशी पुसायचं औषध, जे काही बाजारात यायचं असेल त्याचा थेंब सशाच्या एका डोळ्यात टाकायचा, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि बघायचं. आधी तासाने, मग एक, दोन, तीन दिवसांनी. लाली किती, सूज किती, बुबुळ धुरकटलं का. शून्य मार्क म्हणजे उत्तम, असली ही उलटी शाळा. आणि डोळा मध्येच धुवायचा नाही. धुतला की निकाल बिघडतो.

बायकोला त्याने सांगितलं होतं, सशांची देखभाल करतो. ती रफूचं काम करायची; फाटलेला कोट असा सांधायची की मालकालाही भोक सापडू नये. बाई मोठी हळवी. दुकानात बाटली उलटीपालटी करायची आणि "प्राण्यांवर चाचणी केलेली नाही" एवढं वाचल्याशिवाय पिशवीत टाकायची नाही. "मुक्या जिवाचे तळतळाट कशाला घ्यायचे?" म्हणायची. मास्तर शेजारी पिशवी धरून उभा. तोंडातून ब्र काढायची त्याची छाती नव्हती.

एका रविवारी सकाळी ती बाथरूम घासत होती. फरशीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण अडकलं, तिने हिसका दिला आणि औषध उडालं ते थेट उजव्या डोळ्यात. "अहो!" अशी किंकाळी आली की मास्तरच्या हातातला कप खाली पडला.

तो धावत गेला. तिची हनुवटी वर केली, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढली. दारातून बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा. मग डावा डोळा पाहिला, पुन्हा उजवा. लाली दोन, सूज एक, बुबुळ अजून स्वच्छ.

"अहो, बघताय काय? पाणी ओता! आग आग होतेय!"

तेव्हा कुठे हा बाबा भानावर आला. मग तांब्यामागून तांब्या, सगळी बादली रिकामी केली. पण घड्याळात नऊ अकरा होऊन गेले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले. "लगेच धुतलात ना?" त्यांनी विचारलं. मास्तरने मान डोलावली. "तीन दिवसांत कळेल," त्या म्हणाल्या. ते त्याला कुणी सांगायला नको होतं! पहिल्या दिवशी बरे दिसणारे आणि तिसऱ्या दिवशी डोळ्यात फूल पडलेले ससे त्याने ढिगाने पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "थोडं धूसर दिसतंय हो." त्याने रजा टाकली. तासातासाला थेंब तोच घालायचा, घालताना बॅटरी घेऊन बघायचा, आणि मनातल्या मनात आकडे आपोआप उमटायचे. नको नको म्हटलं तरी उमटायचे. सुईशिवाय ही काय करेल, हा विचार डोक्यातून जाईना. त्या एका मिनिटाची त्याला इतकी भीती बसली की तो घड्याळाकडे पाठ करून बसायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी बसली, डावा डोळा झाकला आणि एका फटक्यात सुईत दोरा ओवला. मास्तरला हसू आणि रडू एकदमच आलं.

ती मात्र हसली नाही. "एक विचारू? मी पाण्यासाठी ओरडत होते, तेव्हा तुम्ही घड्याळ का बघत होता?"

तो खोटं बोलू शकला असता. पण तीन दिवसांत सगळं बळ संपलं होतं. त्याने सांगून टाकलं. थेंब, पापणी, मार्क, सगळं.

ती म्हणाली, "त्यांच्या डोळ्यात पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही."

दहाच्या थेंबांची वेळ झाली होती. तो बाटली घेऊन पुढे झाला आणि सवयीने अंगठा तिच्या पापणीकडे गेला. तिने चेहरा मागे घेतला, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि थेंब घालायला शेजारणीला हाक मारली.