दादाचं मनगट आणि करडईचं तेल

समस्त जनतेस कळवण्यात येते की, ताडकळस पंचक्रोशीतील मोटारसायकलींच्या तब्येतीवर अंतिम निकाल देण्याचा अधिकार गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. तो मला कुणी दिलेला नाही. मीच घेतला, आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत कुणी परतही मागितला नव्हता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी थोरल्या भावाच्या गाडीची सेवा केली, ती अर्थातच अंगणात, चार माणसं गोळा करून. दादा साठीचा आहे. रोज सकाळी दुधाचे दोन कॅन लावून ताडकळसला जातो. गाडी धुतली, चेन आवळली, आणि एक्सलेटरच्या वायरीत तेल सोडायची वेळ आली तेव्हा ऑइलचा डबा रिकामा निघाला. प्रेक्षक बसलेले असताना खेळ थांबवणं माझ्या रक्तात नाही. मी स्वयंपाकघरातून वहिनीची करडईच्या तेलाची बाटली उचलून आणली. आमच्याकडे हे तेल कशाला चालत नाही? भाजीला चालतं, चटणीवर चालतं, कुरकुरणाऱ्या बिजागरीला चालतं, गुडघ्यांना तर चालतंच. वायरीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीचं नरसाळं बांधून मी सढळ हातानं तेल सोडलं. मूठ लोण्यासारखी फिरली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण मला ऐकू आल्या.

डिसेंबरात परभणीची थंडी पडली. हॉटेलच्या बाकड्यावर हात चोळत दादा म्हणाला की मूठ लय जड लागायलीय, सोडली तर परत येत न्हाई. बाकडं भरलेलं होतं. मी चहाचा घोट घेतला, पुरेसा वेळ थांबलो आणि निकाल दिला.

"दादा, गाडीला काही न्हाई झालं. तुमचं मनगट जाम झालंय. सर्व्हिसिंग त्याची करा."

बाकडं हसलं. दादाही हसला. दुपारी उन्हात तापलेली गाडी मी फिरवून पाहिली, तेव्हा मूठ मलाही थोडी जड वाटली. वाटली, हे आज कबूल करतो. पण निकाल देऊन झाला होता. दादानं मुठीचं नाव पुन्हा काढलं नाही. वहिनी मात्र रोज संध्याकाळी त्याच बाटलीतलं तेल कोमट करून त्याचं मनगट चोळू लागली. मी त्यावरही एक विनोद केला. तो इथं देत नाही.

जानेवारीच्या शेवटी एका वळणावर मूठ सोडूनही वेग उतरला नाही आणि गाडी दादासकट हरभऱ्यात शिरली. दूध सांडलं, त्याला थोडं खरचटलं. घरी येऊन त्यानं चावी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, उद्यापासून दूध तू ने, माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई.

मी काही बोलायच्या आत वहिनीनं मला मागच्या दाराशी बोलावलं. आमच्या वडिलांचा लकवा उजव्या हातापासूनच सुरू झाला होता. आधी कपबशी सुटली, मग कासरा, मग हातच गेला.

"भाऊजी, त्यांना तेच वाटायलंय," ती म्हणाली. "चादरीत हात घालून मूठ उघडतेत, मिटतेत. दवाखान्यात चला म्हणलं तर येत न्हाईत. तिथं खरंच तसं निघालं तर, म्हणतेत."

दोन महिने तो हे घेऊन बसला होता, आणि मी बाकड्यावर हशे गोळा करत होतो.

दूध मी नेऊ लागलो. दादा मागं बसायचा, स्वतःच्याच गाडीवर, उजवा हात शालीत घालून. तिसऱ्या सकाळी माझं मनगट ठणकायला लागलं. मी दादापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. म्हणजे लकवा दोघांना एकदमच आला, असं मानायला मी तयार नव्हतो.

घरी येऊन वायर सोडवली. नळीतून तार ओढली तर ती येईना. आली तेव्हा तिच्यावर बाभळीच्या डिंकासारखा तपकिरी थर होता. वास घेतला. वहिनीच्या बाटलीचा. हे तेल वाळलं की चिकटतं, गारठ्यात जास्तच, हे मला ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही; घरातल्या तेलाच्या बाटलीचं बूड फडताळाला चिकटलेलं मी लहानपणापासून ओढून काढत आलोय.

तार पेट्रोलनं पुसली. नळीत पेट्रोल सोडत राहिलो, ते स्वच्छ निघेपर्यंत. मग ऑइल आणलं आणि थेंब थेंब सोडलं. मूठ पूर्ण फिरवून सोडली. टक. आपली आपण जागेवर. अंगणात कुणी नव्हतं, आणि मला कुणी नकोच होतं.

दादाला हाक मारली. तो आला, पण शालीतून हात काढेना. मी भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्य कसंबसं निघालं.

"दादा, वायरीत करडईचं तेल मी घातलं होतं. त्यानं चिकटली."

त्यानं मुस्कटात दिली असती तर मला हलकं वाटलं असतं. पण त्याचा उजवा हात शालीतून हळूहळू बाहेर आला. मूठ फिरवली, सोडली. टक. पुन्हा फिरवली. टक. पाच-सहा वेळा. मग गाडीकडं नाही, माझ्याकडं नाही, तो आपल्या पंजाकडं बघत राहिला आणि एकदम स्वयंपाकघराकडं वळून ओरडला,

"अगं, हात चांगला हाय माझा!"